शब्दाला वीस पेसो

बेटांवर फोन नव्हते तेव्हा
माणूस गेल्याची बातमी माझ्या घशातून जायची.
दुपारी एकला, बटाटे चुलीवरून उतरताना
चिलोएच्या आखातात काठाकाठाने
सगळे रेडिओ एकदम मोठे व्हायचे.
मी खाकरायचो.
तेवढ्यावरूनच लोक हातातलं काम खाली ठेवत.

शब्दाला वीस पेसो.
नावाचे पैसे नाहीत.
हा नियम मालकाचा नव्हता. माझा होता,
मालकाला तो शेवटपर्यंत कळला नाही.

डॉक्टर एलेउतेरियो मान्सिया गेले तेव्हा
नगरपालिकेकडून दोन पानं आली, टंकलेली, शिक्क्यासकट.
रुग्णांचा कैवारी. द्वीपसमूहाचा दीपस्तंभ.
एकही शब्द न गाळता वाचली मी.
पानांवर हे नव्हतं, की त्यांना समुद्र लागायचा.
एकवीस वर्षं, प्रत्येक बाळंतपणाला, प्रत्येक घटसर्पाला
होडीच्या काठावरून ओकत ओकत पोचले ते.
उतरले की वाटीभर पाणी मागायचे,
चूळ भरायचे,
आणि मग आत शिरायचे,
जणू शेजारच्याच घरातून आले आहेत.

अमादेओ ओयार्सून, सरकारी मोजणीदार.
अर्ध्या बेटांच्या हद्दी त्याच्या साखळीने ठरल्या.
त्याच्या आणि त्याच्या भावाच्या कुंपणावरचं
सफरचंदाचं एक झाड तेवढं राहिलं मोजायचं.
अठरा वर्षं दोघे बोलले नाहीत,
फळं डुकरांनी खाल्ली.
जाहिरात द्यायला भाऊच आला, टोपी हातात घेऊन.
"किती शब्द होतात?"
"सतरा."
"त्यात 'भाऊ' आहे?"
"नाही."
त्याने खिशात बराच वेळ चाचपलं.
वीस पेसो काढून टेबलावर ठेवले.

रोसाल्बा नाउएल्किन कसलीच पदवी नसलेली बाई.
समुद्रशेवाळ वेचणाऱ्या बायकांची तिने संस्था काढली,
दलालाचा तराजू भर बाजारात उलटा करून दाखवला.
पण लोकांना आठवते ती घर ओढतानाची.
आमच्याकडे माणूस जागा बदलतो तेव्हा घरही नेतो,
ओंडक्यांवरून, बैल जोडून, साऱ्या गावाच्या खांद्याने.
"आता!" ती ओरडायची, तेव्हाच घर हलायचं.
आधी नाही.
तिची पेटी चढाखाली आली त्या दिवशी
चिखलात सगळे तसेच उभे राहिले,
खांद्यावर ओझं, कान टवकारलेले.
किती वेळ, कोणी मोजला नाही.
मग पाऊसच जोराचा आला, आणि पाय आपोआप उचलले गेले.

आणि एक म्हातारी, ल्युझमिरा कार्कामो,
देवळाच्या घंटेचा दोर ओढणाऱ्याची बायको.
रुमालात सहा अंडी आणि थोडी नाणी.
मी लिहीत गेलो, ती खोडत गेली.
"'प्रेमळ' काढा. ज्याला माहीत हवं त्याला आहे.
'दुःखद' काढा, कोण हौसेने मरतं?
'चाळीस वर्षं सेवा'...
दोर ओढत होता तो, सेवा कसली. काढा."
शेवटी उरलं नाव,
आणि: बोट गुरुवारी सहाला, लाकडी धक्क्यावरून.

तिथे मला माझा धंदा समजला.
मोठ्या माणसांच्या मोठ्या बातम्यांतसुद्धा
लोक कान लावून ऐकायचे ते एवढंच :
बोट कधी, कुठून.
बाकीचं बटाटे सोलताना निसटून जायचं.

आता बातमी मोबाइलवर येते, खाकरल्याशिवाय.
स्टेशनात कोळंबीची शीतपेटी आहे.
मला मात्र अजून दुपारी एकला
घशात काहीतरी अडकतं.
बायको पाणी पुढे करते, विचारत नाही.

माझी जाहिरात मी लिहून ठेवली आहे, टिनाच्या डब्यात.
'निवेदक' हा एकच शब्द,
त्याचे वीस पेसो चिकटवून.
बोटीची वेळ कोरी सोडली आहे.
दर हिवाळ्यात वेळापत्रक बदलतं.